फॅक्सच्या कागदावरचं काळं वर्तुळ

सकाळी १०.१०

"काका, सरांचं पत्र चोरीला गेलं!"

अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून मी वळलो. दारात संहिता. शेजारच्या कुमुदिनी वहिनींची सून, लेसरच्या सरकारी प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ. एरवी ही मुलगी पायऱ्यासुद्धा मोजून उतरते. आज अनवाणी धावत आली होती.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटायच्या आधी मला आनंदच झाला. मी गजानन, गिरिजा मिलचा टाइमकीपर. अठ्ठावीस वर्षं फाटकावर बसलो. कोण किती वाजता आला आणि उशिरा येऊन कोण सायकल पंक्चरची थाप मारतोय, हे मला तोंड बघून कळायचं. चौदा महिन्यांपूर्वी मिलला टाळं लागलं. तेव्हापासून आमच्या जुनी इंदूरात माझं घड्याळ चालू आणि मी बंद. आणि आज कुणीतरी माझ्याकडे चक्क चोरी घेऊन आलं होतं!

तोंड पुसलं, मिलचा पास खिशात टाकला आणि निघालो. पास कशाला? सवय! तो कधीच फाटायला आला होता. मिल बंद झाली त्या आठवड्यात संहिताच्या नवऱ्याने, नचिकेतने, तो गुपचूप नेला आणि प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणला. "मिल गेली काका, पास तरी टिकू दे," म्हणाला. त्याला हे वेडच आहे. त्यांच्या घरात रेशनकार्ड लॅमिनेट, आईच्या चष्म्याचा नंबर लॅमिनेट.

"बोल," मी चालता चालता म्हणालो. "कुठलं पत्र?"

"ज्याच्याशिवाय मी अमेरिकेला जाऊ शकत नाही, ते."

सकाळी १०.२५

संहिताच्या टेबलावर एक जाडजूड डिक्शनरी होती. ती उचलून तिने दाखवलं. खाली एकच कागद. बोट काढल्याबरोबर तो गुंडाळी होऊन बसला.

"हा फॅक्सचा वरचा कागद. याच्याखाली सरांचं पत्र होतं. तेवढंच गेलंय."

मग तिने मला सगळं समजावलं. अमेरिकेने नुकताच एक व्हिसा काढलाय, असाधारण कामगिरीच्या लोकांसाठी. साध्या हुशारीचं तिथे काम नाही. जगात तुमच्यासारखे मोजकेच आहेत, हे कागदावर सिद्ध करावं लागतं. तिकडच्या एका विद्यापीठाने तिला अख्खी प्रयोगशाळा देऊ केली होती. पण लेसरच्या आरशांवर लेप द्यायची जी रीत तिच्या नावावर होती, ती छापून आली तेव्हा दोन नावं होती. तिचं आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या नीरजचं. कल्पना एकट्या संहिताची, हे बघितलेला तिसरा माणूस जगात एकच होता. ग्लासगोचे तिचे जुने प्रोफेसर.

"सर आजारी होते. हॉस्पिटलमधून सोमवारी त्यांनी पत्र फॅक्स केलं. मल्हारगंजात शामच्या दुकानात आलं." तिने गुंडाळी झालेला कागद पुन्हा सरळ केला. "मंगळवारी फोन आला. सर गेले."

मी टोपी काढली. दुसरं काय करणार?

"आता दुसरं पत्र मागणार कुणाकडे? त्यांच्या बायकोला या दिवसात कसं सांगू की सरांच्या टेबलावर कागद शोधा? आणि वेळच नाही. वकिलाने सांगितलंय, सगळे कागद एकत्र हवेत. आज संध्याकाळी सहाला कुरिअरची थैली मुंबईला निघते. ती चुकली की प्रयोगशाळा दुसऱ्याला जाते, काका."

"झेरॉक्स नाही काढलीस?"

"सोमवारी दुकानात लाइट गेली. मंगळवारी मी शुद्धीत नव्हते. रात्री जेवताना म्हणाले होते की हा फॅक्सचा कागद टिकत नाही, काहीतरी करायला हवं. तेव्हा सगळे होते."

"सगळे म्हणजे?"

"सासूबाई आणि नचिकेत."

मी घड्याळ बघितलं. सात तास पस्तीस मिनिटं. अरे वा, अठ्ठावीस वर्षांत इतकी महत्त्वाची हजेरी मी घेतली नव्हती!

सकाळी ११.००

कुमुदिनी वहिनी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होत्या. बेलणं जरा जोरातच चाललं होतं.

"भाऊजी, तुम्ही पण आता माझी जबानी घेणार का?"

"वहिनी, फक्त वेळा सांगा. बाकी तुमचं राज्य."

त्या हसल्या. बुधवारी सकाळी साडेआठला टेबल पुसताना दोन्ही कागद डिक्शनरीखाली होते. नऊला संहिता कामावर गेली. दहाला नचिकेत स्कूटर दाखवायला म्हणून बाहेर पडला, बाराला आला, दीडच्या बसने पिथमपूरच्या फॅक्टरीत दुसऱ्या पाळीला गेला. आल्यावर तो कुणाशी बोलला नाही. डबा पण अर्धा परत आणला. आज तर उजाडताच डबा घेऊन निघाला, कुठे ते सांगितलंही नाही.

"आणि पाच वाजून वीस मिनिटांनी तो आला," वहिनींनी आवाज खाली केला. "नीरज. पुस्तक परत द्यायला म्हणे. मी चहा देऊन देवाला दिवा लावायला गेले. दहा मिनिटं एकटाच होता त्या खोलीत."

ज्या पत्रात लिहिलंय की कल्पना नीरजची नाहीच, ते पत्र टेबलावर, आणि नीरज एकटा खोलीत!

"वहिनी, एक सांगा. संहिता जाऊ नये असं घरात कुणाला वाटतं?"

बेलणं थांबलं. "मला विचाराल तर तिने जावं. मला मॅट्रिकला बसू दिलं नाही, ही तरी जाऊ दे. पण नचिकेत..." त्यांनी तव्यावरची चपाती उलटली. "दोन महिने रोज भांडण चाललंय, भाऊजी. तिच्या व्हिसावर नवऱ्याला तिथे नोकरी करता येत नाही. तो म्हणतो, मी काय तिकडे भांडी घासू? मिल गेली तेव्हा सहा महिने घरात बसला होता. परत बसायची त्याला भीती वाटते."

म्हणजे संशयित एक नाही, दोन.

सकाळी ११.४०

नीरजला संहितानेच फोन करून बोलावलं. तो मोटरसायकलवरून आला, आणि मी विचारल्याबरोबर भडकला.

"मतलब मी चोर? काका, हे घ्या!" त्याने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर आपटला. त्याच्या सहीचं पत्र होतं. मूळ कल्पना संहिताची, मी फक्त मोजमापं घेतली, असं स्वच्छ लिहिलेलं. "काल हेच द्यायला आलो होतो. पुस्तक म्हणजे बहाणा. पण द्यायची हिंमत झाली नाही. पाच वर्षं उशीर झाला ना, यार."

संहिताने ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग हळूच म्हणाली, "थँक्यू, नीरज."

"याने चालेल का?" मी विचारलं.

"हे सोबत लागेल. पण हे सहकाऱ्याचं. बाहेरच्या मोठ्या माणसाचं पाहिजेच."

मी नीरजकडे वळलो. "काल टेबलावर काय बघितलंस?"

"एक कागद. डिक्शनरीच्या बाजूला गुंडाळी होऊन पडला होता. पंख्याने उडत होता, म्हणून मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. निघताना डिक्शनरीखाली सरकवला."

"एकच?"

"एकच."

मी तो कागद उलगडला. होतं खरं. कपाच्या बुडाएवढं गोल वर्तुळ. वरच्या पट्टीत ग्लासगोचा नंबर आणि वेळ, आणि कोपऱ्यात बारीक छापलेलं, तीनपैकी पान एक. वर्तुळाकडे बघताना मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना. टाइम ऑफिसात असं व्हायचं. हजेरी बरोबर असायची, पण एक माणूस जास्त दिसायचा.

एवढं मात्र पक्कं झालं. संध्याकाळी पाच वीसला पत्र तिथे नव्हतं. ते सकाळी साडेआठ ते पाच वीसच्या मध्ये गेलं होतं.

"वहिनी!" मी हाक मारली. "घरातले बाकीचे महत्त्वाचे कागद जागेवर आहेत का, जरा बघा!"

कपाट उघडल्याचा आवाज आला. खण उघडले, बंद झाले. मग वहिनी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

"लग्नाचा दाखला नाहीये," त्या म्हणाल्या.

दुपारी १२.१५

संहिता खाली बसली.

"लग्नाचा दाखला कशाला लागतो, काका?" तिने मलाच विचारलं. "वकिलाकडे जायला. सोडचिठ्ठीला."

"अगं बाई!" वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"परवा म्हणालाच होता तो. तू तुझ्या रस्त्याने जा, मी माझ्या. आधी माझं पत्र गायब केलं आणि आता..." ती रडत होती आणि रडण्याचा तिला रागही येत होता.

मलाही राग आला. नचिकेतला मी एवढासा असल्यापासून ओळखतो. मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता, एक दिवस उशिरा आला नाही. त्याच्यावर हा आळ घेताना माझी जीभ जड झाली. पण हिशेब त्याच्याकडेच बोट दाखवत होता. दहा ते बारा बाहेर. आल्यावर तोंडाला कुलूप. आणि या घरातला लग्नाचा दाखला घरच्याशिवाय कोण घेणार?

एकच गोष्ट बसत नव्हती. पत्राचा राग असता तर त्याने दोन्ही कागद नेले असते, फाडले असते. वरचा कागद तसाच मागे ठेवून खालचं पत्र तेवढं कोण काढतं? ज्याला त्या पत्राचंच काही काम आहे, तो.

"वहिनी, चहा करा," मी म्हणालो. "डोकं चालत नाही."

दुपारी १२.३५

चहा आला. कप ठेवताना वहिनींचं लक्ष नव्हतं, थोडा टेबलावर सांडला. फडकं घेऊन पुसायला लागलो आणि जागच्या जागी थांबलो.

सांडलेला चहा तांबूस होता.

मी तो कागद ओढला. त्यावरचं वर्तुळ काळं होतं. कोळशासारखं काळं! दुधाच्या चहाचा डाग काळा कसा पडेल?

"संहिता! हे काळं कशाने झालं?"

तिने डोळे पुसले, कागद हातात घेतला, आणि तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "हा डाग नाहीये. थर्मल कागद आहे हा. याच्यावर शाई नसते, काका. मशीन कागद तापवतं, तापला की तेवढा भाग काळा होतो. गरम कप ठेवला म्हणून..."

"इस्त्री आहे का?"

"आहे, पण..."

मी कागदाचा रिकामा कोपरा फाडला आणि वहिनींच्या गरम इस्त्रीखाली धरला. उचलला तर कोपरा काळाकुट्ट! नीरज "अरे बाप रे" म्हणाला. आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशातून मी मिलचा पास काढला. गुळगुळीत, चकचकीत, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक.

"हे प्लास्टिक चिकटवतात कसं, माहीत आहे?" मी विचारलं. "दोन गरम रुळांमधून काढतात."

संहिताने तोंडावर हात ठेवला.

"तू जेवताना काय म्हणालीस? कागद टिकत नाही, काहीतरी करायला हवं. कुणासमोर? ज्याला टिकवायचं एकच औषध माहीत आहे, त्याच्यासमोर!" मी ओरडलोच. इतक्या जोरात मी मिलमध्ये पण कधी ओरडलो नव्हतो. "त्याने चोरलं नाही गं. त्याने टिकवायला नेलं!"

"मग लग्नाचा दाखला?" वहिनींनी विचारलं.

"तो पण टिकवायलाच. संहिता, विचार कर. तुझ्या व्हिसाच्या मागे नवऱ्याचा व्हिसा काढायचा असेल, तर कुठला कागद लागतो?"

ती चपला शोधायला धावली.

दुपारी १.१०

नचिकेत बसच्या थांब्यावर, चौकातल्या पानाच्या टपरीपाशी उभा होता. खांद्याला डब्याची पिशवी. आम्हाला चौघांना एकदम बघून त्याने पळ नाही काढला, पण त्याचे खांदे पडले.

मी काही विचारायच्या आधीच संहिताने हात पुढे केला. "दे."

त्याने पिशवीतून डब्याखालचं काढलं. आधी लग्नाचा दाखला. चकचकीत प्लास्टिकमधला, कडा बरोबर कापलेला. मग त्याचा स्वतःचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा, तोही तसाच. आणि शेवटी एक ताव, दोन प्लास्टिकच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत मिट्ट काळा.

"रुळातून बाहेर आलं तेव्हा असं होतं," तो म्हणाला. "दुकानदार पण घाबरला. मी म्हणालो परत फिरव, परत फिरव. कालपासून हे घेऊन फिरतोय. फेकवत पण नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणी विश्वास ठेवला असता? दोन महिने मी रोज म्हणतोय, जाऊ नको. आणि नेमकं माझ्याच हातून पत्र काळं झालं. तू ठेवला असतास?"

संहिता खरं बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "नसता ठेवला."

"बघ."

"पण डिप्लोमा कशाला रे?" वहिनींनी विचारलं.

त्याने डब्याची पिशवी खाली ठेवली. "सर गेले त्या रात्री ही रडत होती, आणि मी बाजूला बसून हाच विचार करत होतो की आता ही जाणार नाही. बरं झालं असंही वाटलं, आई. मग स्वतःची लाज वाटली. घरात बसायला लागलं तर बसेन. भांडी घासेन. कधी ना कधी तिथेही कुणाला वायरिंग लागेलच."

समोर पिथमपूरची बस येऊन थांबली. कंडक्टरने दोन हाका मारल्या. नचिकेत चढला नाही. बस गेली. मी सवयीने घड्याळ बघितलं. एक बत्तीस.

"झालं मग," संहिता म्हणाली. ती त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली. "पत्र गेलं ते गेलंच. नाही जाता येणार तर नाही. आपण इथेच राहू."

"एक मिनिट," मी म्हणालो.

दुपारी १.३५

खरं सांगतो, चोर सापडला होता, पण माझं समाधान झालं नव्हतं. हजेरीत अजून एक माणूस जास्त होता.

"वरच्या कागदावर काय छापलंय? तीनपैकी पान एक. तुला मिळाली किती?"

"दोन. वरचं आणि पत्र. तिसरं माझ्या निबंधांची यादी असणार, लाइट गेली म्हणून नाही आलं. ती माझ्याकडे आहेच, म्हणून मी विचार नाही केला."

"आणि तीन पाठवलेल्यांपैकी दोनच पोचली, हे तिकडच्या मशीनला कळतं का?"

संहिता उठून उभी राहिली. "कळतं. पोचलं नाही अशी चिठ्ठी छापून येते."

"मग ज्या माणसाने दुखण्यात हॉस्पिटलमधून तुझ्यासाठी तीन पानं पाठवली, त्याने ती चिठ्ठी वाचून काय केलं असेल?"

"सर?" ती म्हणाली, आणि हसली, आणि तिचे डोळे भरून आले. "सर अर्धवट काही सोडत नाहीत. ते परत पाठवायला लावतील. सगळं. पहिल्या पानापासून!"

नीरजने मोटरसायकलला किक मारली. मी मागे. नचिकेतने समोरून येणारी रिक्शा जवळजवळ अंगावरच घेतली.

दुपारी २.०५

मल्हारगंजात शामचं दुकान म्हणजे एक टेलिफोन, एक फॅक्स मशीन, एक झेरॉक्स आणि वर गणपती. शाम जेवत होता.

"सोमवारी रात्री लाइट आल्यावर संहिता मॅडमचं काही परत आलं होतं का?" मी धापा टाकत विचारलं.

"आलं होतं ना भिया, दुकान बंद करता करता. तेच पत्र होतं, तेच तीन कागद. म्हटलं मॅडमला मिळालंय, दोनदा कशाला चक्कर मारायला लावू?"

"कुठे आहे?" आम्ही चौघे एकदम ओरडलो. वहिनी तेवढ्या रिक्शातून उतरत होत्या.

शामने घास गिळला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला लोखंडी तार लटकत होती. मल्हारगंजातल्या प्रत्येक दुकानात असते तशी. पावती असो, चिठ्ठी असो, आलेला कागद तारेत ओवायचा. सोमवारपासूनचे वीतभर कागद आम्ही एकेक करून काढले.

टेलिफोनचं बिल. कुणाची तरी जन्मपत्रिका. आणि मग तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद. खाली सही. प्रोफेसरांची, वाकडी झालेली, पण पूर्ण.

पत्राच्या बरोबर मध्यभागी, दोन ओळींच्या मध्ये, तारेचं भोक होतं.

"अमेरिकेत या भोकाचं काय सांगणार?" नीरज म्हणाला.

"सांगू की इंदूरात कागद असाच जपतात," संहिता म्हणाली. तिने तिथेच तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या. नचिकेतने मूळ कागद दोन बोटांनी धरला, आणि शामचा गरम चहा जवळ येताच तो घेऊन तीन पावलं मागे सरकला.

संध्याकाळी ५.५०

कुरिअरच्या काउंटरवर संहिताने शेवटचा फॉर्म भरायला घेतला. वकिलाने पाठवलेला. तो तिने दोन महिन्यांपूर्वीच भरला होता, फक्त तारीख टाकायची होती. मी बाजूलाच होतो, म्हणून मला दिसलं. सोबत कोण येणार, या रकान्यात तिने लिहिलं होतं, कुणी नाही.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने ती खोडली आणि पेन नचिकेतच्या हातात दिलं.

"तूच लिही," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."

त्याने लिहिलं. सावकाश, मिलच्या हजेरीपुस्तकात सही करायचा तसं. थैलीत प्रोफेसरांचं पत्र गेलं, नीरजचं गेलं, लग्नाचा दाखला गेला. काळा ताव मात्र संहिताने दिला नाही. तो तिने पर्समध्ये ठेवला.

"हा कशाला?" नचिकेत म्हणाला. "फेक ना."

"हा माझ्याबरोबर येणार," ती म्हणाली. "मला लिहिलेलं दुसरं पत्र आहे ते."

काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारला. मी खिशातून डायरी काढली आणि चौदा महिन्यांनी पहिली नोंद केली. नचिकेत, पाच वाजून छप्पन्न मिनिटं, हजर.